समुद्रसपाटीखाली

बेर्गस्वेन रोज सकाळी वायुभारमापकाच्या काचेवर
बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करतो.
होडी विकून सहा वर्षं झाली,
तरी करतो.
काटा थरथरतो, जरा डावीकडे कलतो.
"येतंय," तो म्हणतो
आणि परत जाऊन झोपतो.

जे येतंय त्याला रेडिओवरची बाई लाइग्द म्हणते.
ग्रीनलंडच्या टोकाशी जन्मलेलं,
मध्यावर दाब नऊशे बावन्न,
ईशान्येकडे सरकतंय,
उद्या रात्रीपर्यंत भरून निघेल.
किती अदबीनं बोलते ती त्याच्याबद्दल!
कुठून आलं, किती खोल, कधी जाणार.
कांदा चिरता चिरता मी ऐकते
आणि मला हेवा वाटतो.

डॉक्टर दर दुसऱ्या बुधवारी विमानानं येतो,
वारा येऊ देईल तर.
पोरगेलासा. बूट दारातच काढतो.
बेर्गस्वेन त्याला एवढंच म्हणाला, घास उतरत नाही.
त्यानं लाकडी पट्टीनं जीभ दाबली,
घशात बॅटरी मारली.
तिथं काहीच नव्हतं.
मग नऊ प्रश्नांचा कागद काढला
आणि शेवटी तो शब्द, पुस्तकातला, धुतलेला:
डिप्रेशन.

आमच्याकडचा शब्द जुना आहे, थुंगलिंदी.
जड मन. ओल्या लोकरीसारखं जड.
त्याच्या आजीला होतं म्हणे.
ती गोठ्यात जायची
आणि गाईच्या पाठीला कपाळ टेकून उभी राहायची,
दूध काढून झालं तरी.
कुणी तिला काही विचारलं नाही.
गाईनंही नाही.

बँका बुडाल्या तेव्हा आम्ही क्रेप्पा म्हणालो.
बोटं आखडतात, मूठ आवळली जाते, त्यालाही तोच शब्द.
मग कोटा दक्षिणेत कुणाला तरी विकला गेला,
मासळीच्या कारखान्याला कुलूप लागलं,
धक्क्यावर फक्त कुरव पक्षी उरले.
पेपरात आलं, क्रेप्पा संपला.
झोपेत त्याची मूठ अजून मिटलेली असते.
मी एकेक बोट उघडते.
ते पुन्हा मिटतं.

शाळेच्या स्वयंपाकघरात मी बोगुमिवाला सांगितलं.
ती पोलंडची. कारखान्यात माझ्या शेजारच्या पट्ट्यावर
अकरा वर्षं कॉड साफ करायची.
"डेप्रेस्या?" ती म्हणाली. "मी तिथंच जन्मले."
मला वाटलं, थट्टा करतेय.
तिनं ओट्यावरच्या पिठात बोटानं एक रेघ ओढली:
हा समुद्र.
खाली दुसरी: हे आमचं गाव.
दीड मीटर खाली. नकाशावर लिहिलेलं असतं.
बीट पिकतं, गाई चरतात, छपरावर करकोचे येतात.
"आणि समुद्र?"
"बांधापलीकडे. आपण सूप पीत असतो,
आणि तो डोक्याच्या उंचीवर."
"मग बुडत कसे नाही तुम्ही?"
"पंप. आजोबा पंपावर होते.
बंद पडला की आधी तळघर जातं, मग बटाटे."
"आणि किती दिवस चालवायचा?"
तिनं माझ्याकडे पाहिलं,
पाणी ओलं का असतं विचारणाऱ्या पोराकडे पाहावं तसं.
"चालवायचाच," म्हणाली,
आणि पीठ पुसून टाकलं.

ती मला समजावत नव्हती.
बिटांविषयी बोलत होती.

गादीत त्याच्या बाजूला खळगा पडलाय.
झोपेत मीही घरंगळत तिथं जाते.
वारा रात्रभर पत्रा ओढून पाहतो.
खाली स्वयंपाकघरात फ्रिज घरघरतो,
थांबतो,
मी श्वास धरते,
पुन्हा घरघरतो.

आज पहाटे तो उठला तशी मीही उठले.
टकटक, टकटक.
"किती?" मी विचारलं.
इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.
तो चश्म्याशिवाय काचेला नाक लावून पाहत राहिला.
"नऊशे एकसष्ट."
"भरतंय का?"
"इतक्यात नाही सांगता येत."
मी कॉफीचं पाणी ठेवलं.
वळून पाहिलं तर
तो अजून तिथंच उभा होता,
अनवाणी,
काट्याकडे बघत.